कॉर्डलेस माइकमध्ये खरखर: दूरदर्शनच्या रिकाम्या जागेत नेमकं कोण राहायला आलंय?

विंगेतला | 12 फेब्रुवारी 2024, रात्री 1:10

नाटकांचा साउंड करतो, अठरा वर्षं झाली. परवा तालुक्याच्या गावी प्रयोग होता. सहा कॉर्डलेस माइक, 2014 साली घेतलेले, खोक्यावर लिहिलंय 740 ते 790 मेगाहर्ट्झ. दुपारी रिकाम्या नाट्यगृहात चेक केलं. वरच्या नंबरांचे चार माइक जरा कुरकुरत होते, खालचे दोन एकदम स्वच्छ. म्हणून मुख्य दोन पात्रांना खालचे दिले.

तिसरी घंटा झाली, पब्लिक बसलं, आणि नायिकेच्या पहिल्याच लांब स्वगतात खर्रर्र. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानातलं मशीन काढून हातात घेतलं, इतकं. मध्यंतरात मी माइकची बॅटरीच काढली आणि रिसीव्हरकडे बघितलं. माइक मेलेला, तरी आरएफचे, म्हणजे येणाऱ्या लहरींचा जोर दाखवणारे, पाचही दिवे पेटलेले! म्हणजे माझ्या माइकच्या जागेवर दुसरंच कुणीतरी बोलतंय.

दुकानदार म्हणतो, "तिथे आता फाइव्ह-जी आलंय, हे माइक भंगारात काढा." साठ हजारांचा सेट आहे. दहा वर्षं चाललेली जागा एकदम कुणी कशी घेतली? आणि मला कुणी सांगितलं कसं नाही?

---

टेस्टकार्ड | 12 फेब्रुवारी, सकाळी 7:25

विंगेतले, तुमची जागा कुणी घेतली नाही, ती तुमची नव्हतीच. रागावू नका, सांगतो. मी नोकरीभर ट्रान्समीटरजवळ बसलेला माणूस, आता निवृत्त.

टीव्हीला आपल्याकडे तीन घरं दिलेली होती. पहिलं 47 ते 68 मेगाहर्ट्झ, त्यात चॅनल 2, 3 आणि 4. दुसरं 174 ते 230, त्यात चॅनल 5 ते 12. या दोन घरांत एका चॅनलला 7 मेगाहर्ट्झ लागत. तिसरं घर यूएचएफ, 470 पासून पुढे, तिथे एकेक चॅनल 8 मेगाहर्ट्झचं. मधे 88 ते 108 हे एफएम रेडिओचं, त्याला टीव्हीने हात लावायचा नाही.

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई केंद्र सुरू झालं ते चॅनल 4 वर. 61 ते 68 मेगाहर्ट्झ. गच्चीवरचा तो जुना अँटेना आठवा, आडवी नळी हात पसरलेल्या माणसापेक्षा रुंद असायची. 64 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेचार मीटरच्या वर जाते, अँटेना तिच्या निम्मा, म्हणजे सव्वादोन-अडीच मीटर. पुढे यूएचएफवाले आले तेव्हा तेच काम फूटभराच्या काड्यांनी व्हायला लागलं. लोकांना वाटायचं कंपनीने माल वाचवला.

सिंहगडावरचं प्रक्षेपण मुद्दाम वेगळ्या चॅनलवर ठेवलेलं होतं. एकाच चॅनलवर दोन्ही चालवली असती तर लोणावळ्याकडच्या पट्ट्यात दोन्ही चित्रं एकमेकांवर बसली असती. म्हणून एका ट्रान्समीटरचा चॅनल शेजारच्या ट्रान्समीटरला द्यायचा नाही, मधे मोकळी जागा सोडायची. त्या मोकळ्या जागेत तुमच्यासारखे माइकवाले येऊन बसले. जगभर बसले. टीव्ही एका जागी उभा, त्याची वेळ ठरलेली, चॅनल ठरलेला. माइक दहा मिलिवॉटचा, नाट्यगृहाच्या भिंतीबाहेर कुणाला ऐकूही येत नाही. कुणी उठवलं नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं जागा आपलीच.

2007 च्या जागतिक रेडिओ परिषदेत 698 ते 806 हा यूएचएफचा वरचा मजला मोबाइलसाठी मोकळा करायचं भारतासह काही देशांनी ठरवलं. त्याची मांडणी अशी: 703 ते 748 मध्ये फोन बोलणार, 758 ते 803 मध्ये टॉवर बोलणार. आता तुमचे 740 ते 790 त्यावर ठेवून बघा. खालचे दोन माइक फोनच्या तोंडी आलेत, वरचे चार टॉवरच्या.

दुपारी हॉल रिकामा होता, फोन नव्हते, म्हणून खालचे दोन स्वच्छ. पब्लिक आलं, गडबड सुरू. तुमचा रिसीव्हर कन्सोलजवळ, म्हणजे आवाज मिक्स करायच्या टेबलाजवळ ना, मागच्या रांगांमधे? शेजारच्या खुर्चीतला फोन दोनशे मिलिवॉटपर्यंत ओरडू शकतो, दोन मीटरवरून. तुमचा माइक दहा मिलिवॉट, पंचवीस मीटरवरून, आणि तोही घामेजलेल्या नऊवारीच्या आत. कोण जिंकणार?

---

विंगेतला | 12 फेब्रुवारी, सकाळी 11:40

काका, दंडवत. रिकाम्या हॉलचं कोडं दोन दिवस डोकं खात होतं. रिसीव्हर मागेच होता, बरोबर ओळखलंत.

---

पॉपकॉर्न | 12 फेब्रुवारी, दुपारी 12:05

म्हणजे "कृपया मोबाइल बंद ठेवा" ही अनाउन्समेंट आता तांत्रिक कारणासाठी आहे तर. सांगून बघा, तरीही कुणी बंद करणार नाही.

---

हिशेबनीस | 12 फेब्रुवारी, दुपारी 2:30

काकांनी 2007 सांगितलं, पण ती जागा प्रत्यक्ष विकली जायला 2022 उजाडलं. मधली पंधरा वर्षं ती जागा काय करत होती, ते सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

700 मेगाहर्ट्झ पहिल्यांदा लिलावाला आलं 2016 ला. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बोली चालत नाही ती, एका मेगाहर्ट्झला देशभराची 11,485 कोटी. एकही बोली आली नाही. 2021 ला किंमत उतरवून 6,568 कोटी केली. पुन्हा शून्य. 2022 च्या ऑगस्टमध्ये 3,927 कोटी. तेव्हा एकट्या जिओने 22 सर्कलमध्ये, म्हणजे अख्ख्या देशात, 10 मेगाहर्ट्झ घेतलं, 39,270 कोटींना, आणि तेही बरोब्बर राखीव किमतीला. बीएसएनएलला वेगळं ठेवलं, रेल्वेला त्याआधी 2021 मध्येच 5 मेगाहर्ट्झ दिलं, गाड्यांच्या सिग्नल आणि सुरक्षेसाठी.

सहा वर्षं सोन्यासारखी जागा पडीक. भाव ऐकून गिऱ्हाईक पळतं हे मंडईतल्या कोथिंबीरवालीला संध्याकाळी सातला कळतं, इथे कळायला सहा वर्षं लागली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टू-जीचे 122 परवाने रद्द केले, तेव्हापासून स्वस्तात दिलं म्हणून ठपका येईल या भीतीने कुणी किंमत खाली आणायला धजेना, असं माझं मत. भीती समजते. पण त्या काळात कोकणातल्या वाडीवर नेटवर्क नव्हतं ते नव्हतंच.

---

एडिसनकर | 12 फेब्रुवारी, रात्री 8:15 (आमच्याकडे सकाळ)

न्यू जर्सीहून. इथे हेच झालं, फक्त ढोल वाजवून झालं. 2009 च्या जूनमध्ये ॲनालॉग टीव्ही बंद झाला, 52 ते 69 चॅनल रिकामे झाले, आणि 700 वरचे वायरलेस माइक वापरायला 2010 च्या जूनपासून सरळ बंदी. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातले चार माइक तेव्हाच कपाटात गेले. अजून तिथेच आहेत, टाकायला कुणाचं मन होत नाही.

मग 600 ची पाळी. इथे सरकारने उलटा-सुलटा लिलाव केला. आधी टीव्ही स्टेशनांना विचारलं, किती पैसे दिले तर जागा सोडाल? मग मोबाइल कंपन्यांना विचारलं, किती देता? 2017 ला हिशेब मिटला तेव्हा कंपन्यांनी 19.8 अब्ज डॉलर मोजले, त्यातले दहा अब्जांवर स्टेशनांना गेले. चॅनल 38 ते 51 मोबाइलकडे. उरलेली जवळजवळ हजार स्टेशनं खालच्या चॅनलवर सरकवली, ते 2020 च्या जुलैपर्यंत चाललं. ज्यांच्या घरी अँटेना, त्यांनी दर वेळी टीव्हीवर रिस्कॅन करायचं. माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या, त्यांना रिमोटवरचं ते बटण पाठ झालं होतं. "चॅनल पळालं गं, शोध" म्हणायच्या.

पण 37 नंबरचं चॅनल मात्र इथे टीव्हीला कधीच दिलं नाही. 608 ते 614. ते रेडिओ दुर्बिणींसाठी राखीव आहे, आणि आता हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या मॉनिटरसाठीही.

---

जुन्नरची_पाटी | 12 फेब्रुवारी, रात्री 10:50

एडिसनकर ताई, तुमच्या 37 नंबरचा सख्खा भाऊ आमच्या गावाशेजारी आहे.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी, रेडिओ दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, त्यातल्या चौदा मधोमध एकत्र, बाकीच्या तीन दिशांना इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यात एक कारण म्हणजे इथे रेडिओचा गोंगाट कमी. ज्या पट्ट्यांवर ती ऐकते त्यातला एक 610 मेगाहर्ट्झ. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांमध्ये भारतासाठी खास तळटीप आहे: 608 ते 614 इथे खगोलशास्त्राला पहिल्या दर्जाचा हक्क.

आता बघा, 2022 च्या त्याच लिलावात 600 मेगाहर्ट्झही ठेवलं होतं. त्याच्या मांडणीत टॉवरने बोलायचा पट्टा सुरू होतो 612 पासून. 612 ते 614 दोघांच्या नावावर! कुणी बोली लावली नाही, म्हणून विषय तूर्त तिथेच राहिला.

आणि सगळंच राखीव ठेवून भागतही नाही. हायड्रोजनचा अणू 1420 मेगाहर्ट्झवर बोलतो, तेवढी जागा जगभर जपलेली आहे. पण विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लांबच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा आवाज ताणून खालच्या फ्रिक्वेन्सीवर येतो. आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला असेल तर साधारण निम्म्यावर, 710 च्या आसपास. 2020 मध्ये पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी जीएमआरटीवर तो पकडला, हजारो दीर्घिकांचे संदेश एकत्र करून. आणि 710 कुठे येतं? काकांच्या मांडणीत फोनच्या तोंडावर. हायड्रोजनला रिस्कॅन करता येत नाही.

---

टेस्टकार्ड | 13 फेब्रुवारी, सकाळी 6:50

पाटी, वाचून सकाळ चांगली झाली.

एक भर घालतो. मोबाइल टॉवर तरी कागदावर असतो, कुठे आहे ते कळतं. जुने टीव्ही बूस्टर आठवतात? अँटेनाच्या दांड्याला बांधलेली डबी. जोडणी बिघडली की ती डबी स्वतःच प्रक्षेपण करू लागते. आतला ॲम्प्लिफायर आपलाच आवाज ऐकून ओरडत सुटतो, लग्नातल्या माइकची शिट्टी वाजते ना, तसंच, फक्त कानाला ऐकू न येणारी. मालक म्हणतो आमच्या टीव्हीवर मुंग्या येतात, आणि मुंग्या अख्ख्या आळीला वाटत त्याचीच डबी बसलेली असते. अशी एक मी शिडीवर चढून हाताने काढली आहे. मालकाने चहा दिला नाही.

---

डिश_छत्री | 13 फेब्रुवारी, सकाळी 10:20

केबलवाला बोलतोय. तुम्ही सगळे 700 वर अडकलात, आमची मारामारी वरच्या मजल्यावर आहे.

आमच्या गच्चीवरची ती मोठी छत्री उपग्रहावरून 3700 ते 4200 मेगाहर्ट्झ घेते, सी-बँड. फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा 3300 ते 3670. कागदावर मधे 30 मेगाहर्ट्झचा बांध आहे. पण छत्रीच्या तोंडाशी असतो तो एलएनबी, तो जुना माल 3400 पासूनच सगळं गिळतो. उपग्रहाचा आवाज छत्तीस हजार किलोमीटरवरून आलेला, पुटपुटल्यासारखा. समोरच्या बिल्डिंगवर टॉवर लागला की एलएनबीचे कान बसतात. मागच्या वर्षी माझे एका रात्रीत सत्तरएक चॅनल चौकोन चौकोन होऊन गेले, आणि नेमकी मॅच होती. फोन उचलून उचलून बायको वैतागली.

उपाय सापडला: छत्रीचं नळकांडं आणि एलएनबी यांच्यामधे धातूचा फिल्टर बसवायचा, 3700 च्या खालचं अडवणारा. चार छत्र्यांना चार. खर्च माझा. टॉवरवाला कायद्याने बरोबर, मीही बरोबर, आणि पैसे माझे गेले.

तरी विमानवाल्यांचं ऐकून घेतलं गेलं. विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र 4200 ते 4400 वर चालतं. म्हणून 2022 च्या नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं, धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून 2.1 किलोमीटर आणि मधल्या रेषेपासून 910 मीटरपर्यंत या पट्ट्यातले टॉवर लावू नका.

---

हिशेबनीस | 13 फेब्रुवारी, दुपारी 1:15

छत्री, तुमचं वाक्य चिकटवून ठेवावं असं आहे. वाद नेहमी असाच मिटतो: जागा बदलतो एक, फिल्टर घेतो दुसरा.

मला मात्र उरलेल्या यूएचएफची चिंता आहे. दूरदर्शनने 2022 पर्यंत सीमेवरचे वगैरे पन्नासेक सोडून जवळजवळ सगळे ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले. घरोघरी फ्री डिश, केबल, फोन. मग 470 ते 698 इतकी जागा कशाला अडवायची? गेल्या महिन्यात बातमी होती, 470 ते 582 राखून ठेवा, त्यावर फोनमध्ये थेट टीव्ही दाखवू, सिम नको, डेटा नको. 19 शहरांत चाचण्या म्हणे. कोणत्या फोनमध्ये तो रिसीव्हर आहे? माझ्यात नाही. सरळ लिलाव करा.

---

टेस्टकार्ड | 13 फेब्रुवारी, दुपारी 4:00

हिशेबनीस, इथे मात्र भांडतो. क्रिकेटची फायनल लाख लोकांना मोबाइल नेटवर्कवर दाखवायची तर टॉवरला लाख वेळा तेच पाठवावं लागतं. प्रक्षेपणात एकदा पाठवलं की लाख बघा नाहीतर कोटी, वीज तेवढीच. पूर आला, टॉवरची बॅटरी बसली, तेव्हा डोंगरावरचा एक ट्रान्समीटर डिझेलवर अख्ख्या जिल्ह्याशी बोलू शकतो. फोनमध्ये चिप नाही हा तुमचा आक्षेप खरा, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण जागा एकदा विकली की परत मिळत नाही.

आणि मालक कोण, ते 1995 सालीच सांगून झालंय. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती-प्रसारण खातं सर्वोच्च न्यायालयात गेले होते. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे त्या निकालात आहे. मुख्य निकालपत्र आपल्या न्या. पी. बी. सावंतांचं. सरकारची मक्तेदारी नको असं त्यांनी म्हटलं, तसंच ज्याच्या खिशात पैसा त्याच्या हाती सगळं जावं असंही म्हटलं नाही.

---

हिशेबनीस | 13 फेब्रुवारी, संध्याकाळी 5:35

काका, सार्वजनिक मालमत्ता रिकामी ठेवली की तिचा जनतेला काय उपयोग? आयआयटी मुंबईच्या लोकांनी हिशेब केला होता: 470 ते 590 मधल्या 15 चॅनलपैकी किमान 12 देशात कुठेही उभे राहा, मोकळे. पंधरातले बारा! त्यांनीच पालघरमधल्या खामलोली परिसरातल्या गावांत त्या मोकळ्या चॅनलवरून इंटरनेट नेऊन दाखवलं. झाडी, चढ-उतार असूनही पोचलं. ते पुढे देशभर का गेलं नाही?

लिलाव नको तर नको. मग असं तरी वापरा.

---

टेस्टकार्ड | 13 फेब्रुवारी, संध्याकाळी 6:10

हे मान्य. खामलोलीचं मी विसरलो होतो.

---

एडिसनकर | 13 फेब्रुवारी, रात्री 9:00

भांडण मिटलं वाटतं? मिटलं असेल तर विंगेतल्यांच्या माइकचं बघा कुणीतरी. पुढचा प्रयोग कधी आहे?

---

विंगेतला | 13 फेब्रुवारी, रात्री 11:55

शनिवारी, ताई! आणि मला वाटलं होतं धागा माझ्यासाठी आहे, इथे तर आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन आला.

---

टेस्टकार्ड | 14 फेब्रुवारी, सकाळी 7:00

चुकलो. शनिवारसाठी ऐका.

रिसीव्हर कन्सोलवरून उचला, विंगेत ठेवा, पात्रांपासून सहा-सात मीटरवर. तिथून कन्सोलपर्यंत आवाज केबलने न्या. अंतर चौथाईवर आलं की सिग्नल सोळापट होतो, फुकटात. अँटेना उभे, धातूच्या विंगेच्या फ्रेमला न टेकता. रिसीव्हरवरचं स्कॅनचं, म्हणजे मोकळी जागा शोधायचं, बटण हॉल रिकामा असताना दाबू नका, तिसऱ्या घंटेनंतर दाबा, पब्लिक बसल्यावर. जिओ, बीएसएनएल, रेल्वे यांचे तुकडे मिळूनही अख्खा पट्टा भरत नाही, त्यामुळे मधे कुठेतरी फट मिळेल.

हे झालं मलम. नवा सेट घ्याल तेव्हा पाचशेच्या आसपासचा घ्या. 2.4 गिगाहर्ट्झचे डिजिटल घेऊ नका असं म्हणत नाही, पण तिथे नाट्यगृहाचं वायफाय आणि प्रत्येकाचं ब्लूटूथ बसलेलं असतं.

आणि सहा माइक समान अंतरावर लावू नका. 520.0, 520.4, 520.8 असे लावलेत तर पहिले दोन मिळून तिसऱ्याच्या डोक्यावर भूत उभं करतात. 520.4 ची दुप्पट करा, त्यातून 520.0 वजा करा, काय येतं? 520.8. अंतरं वेडीवाकडी ठेवा.

---

विंगेतला | 18 फेब्रुवारी, रात्री 2:20

प्रयोग झाला. रिसीव्हर विंगेत, तिसऱ्या घंटेनंतर स्कॅन. चार माइकना फट मिळाली, दोन बंदच ठेवले, त्या पात्रांना रंगमंचावरच्या माइकजवळ उभं केलं. दिग्दर्शक चिडले, "हालचाल बदलली" म्हणाले. खरखर एकदाच झाली, दुसऱ्या अंकात, तीही गर्दीच्या प्रसंगात, त्यामुळे लोकांना ती मुद्दाम केलीय असं वाटलं.

नव्या सेटची ऑर्डर दिली, 510 ते 540 चा. दुकानदाराला विचारलं, हे किती वर्षं चालतील? तो म्हणाला, तुमच्या फोनमध्ये टीव्ही येईपर्यंत.

जुने सहा काय करू?

---

डिश_छत्री | 18 फेब्रुवारी, सकाळी 9:05

मला द्या. आमच्या भजनी मंडळाला लागतात. वाडी आत आहे, तिथे अजून फोर-जीसुद्धा धड नाही.

---

टेस्टकार्ड | 18 फेब्रुवारी, सकाळी 9:30

द्या. पण छत्री, वाडीवर टॉवर यायचा झाला की भजन्यांना आधी सांगून ठेवा. विंगेतल्यांना कुणी सांगितलं नव्हतं.